घरात साठलेली किलोकिलोंची चिल्लर बँकेत कशी भरायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आईने वीस-बावीस वर्षं डब्यांत टाकत आणलेली नाणी निघाली, काट्यावर ३८ किलो भरली, जवळच्या शाखेत नेली तर "आम्ही चिल्लर घेत नाही" म्हणून परत पाठवलं, त्यातली दहाची नाणी किराणावालाही घेईना, शिवाय चार आणे-आठ आणे पण आहेत, तर आता हे सगळं करायचं काय. मी २९ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर, त्यामुळे नाण्यांच्या पिशव्या दोन्ही बाजूंनी बघितल्यात, घेऊन येणाऱ्याचीही अडचण कळते आणि काचेच्या आत बसलेल्याचीही. सविस्तर लिहितो, कारण हे काम होतं, शंभर टक्के होतं, फक्त करायची पद्धत आहे.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की "नाणी घेत नाही" असा कुठलाही नियम नाही. उलट रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना स्पष्ट सांगितलंय की कुठल्याही शाखेने काउंटरवर आलेली नाणी किंवा लहान किमतीच्या नोटा नाकारायच्या नाहीत, खात्यात भरायला आणल्या असोत की बदलून घ्यायला. आणि ग्राहकाने खात्यात किती रुपयांची नाणी भरावीत यालाही मर्यादा नाही. लोक, आणि कधीकधी बँकेतला नवा स्टाफसुद्धा, "हजार रुपयांच्या वर घेता येत नाही" असं सांगतात, तो आकडा कुठून आला ते पण सांगतो. कॉइनेज अ‍ॅक्ट २०११ मध्ये लिहिलंय की एक रुपया आणि त्यावरची नाणी १००० रुपयांपर्यंत कायदेशीर चलन, आणि आठ आणे फक्त १० रुपयांपर्यंत. याचा अर्थ एवढाच की तुम्ही कुणाचं देणं नाण्यांत देत असाल तर हजाराच्या वर नाणी घ्यायची सक्ती समोरच्यावर करता येत नाही. ते देण्या-घेण्याचं कलम आहे, खात्यात पैसे भरण्याचा त्याच्याशी संबंध नाही. हे दोन वेगळे विषय एकमेकांत मिसळले की काउंटरवर वाद होतो.

मग शाखेने परत का पाठवलं? मोजणार कोण, म्हणून. ३८ किलो म्हणजे किती नाणी होतात ते बघा. सगळी २०११ च्या डिझाइनची एक रुपयाची धरली तर एक नाणं ३.७९ ग्रॅमचं, म्हणजे दहा हजार नाणी, किंमत दहा हजार रुपये. दहा हजार रुपये नोटांत भरायला एक मिनिट लागत नाही, तेच नाण्यांत, सगळी मिसळलेली, पोत्यातून ओतलेली, एका कॅशिअरला अख्खा दिवस. मागे रांग, दुपारी कॅश टॅली करायची, एक रुपया कमी निघाला तरी खिशातून भरायचा. बहुतेक शाखांत नाणी मोजायचं मशीन नसतं. आणि घेतलेली नाणी नंतर ठेवायची कुठे हाही प्रश्न असतो, कारण नोटा जशा करन्सी चेस्टला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा-नाणी साठवणाऱ्या मोठ्या शाखेच्या तिजोरीत, लगेच जातात तशी नाणी पटकन हलत नाहीत, तिजोरीच्या खोलीत पिशव्या पडून राहतात. शिर्डीला दानपेटीतून एवढी नाणी यायची की २०२३ मध्ये तिथल्या बँकांनी जागाच उरली नाही म्हणून हात वर केल्याची बातमी होती. नकार देणं बरोबर असं मी अजिबात म्हणत नाही, पण नकार कशातून येतो ते कळलं की उपाय सापडतो. मोजायचं काम तुम्ही घरी करून नेलं तर नकाराचं नव्वद टक्के कारण तिथेच संपतं.

आता घरचं काम. एक जुनी चादर जमिनीवर पसरा आणि एकेक डबा ओता, सगळे एकदम नको. पहिली वाटणी किमतीप्रमाणे, आठ आणे, एक, दोन, पाच, दहा, वीस. ही वाटणी डोळ्यांनी, आकडा वाचून करा, हाताच्या अंदाजाने करू नका, कारण आपल्या नाण्यांनी इथे भल्याभल्यांना फसवलंय. २०११ च्या मालिकेतला, म्हणजे त्या वर्षी आलेल्या नव्या डिझाइनचा, एक रुपया आणि त्याआधीचे स्टीलचे आठ आणे हातात धरून बघा, दोन्ही २२ मिलिमीटर, दोन्ही ३.७९ ग्रॅम. तसंच १९९२ पासून २०१० च्या आसपासपर्यंतचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा आणि ४.८५ ग्रॅमचा, आणि २०११ चं दोन रुपयांचं नाणं पण नेमकं तेवढंच. म्हणजे जुना रुपया दोनच्या ढिगात गेला तर ना हाताला कळतं ना काट्याला. मी स्वतः दोनच्या शंभराच्या पाकिटात सात-आठ जुने रुपये निघालेले बघितलेत, भरणारा माणूस अगदी सरळ होता, पण पुढची सगळी पाकिटं आम्हाला फोडून मोजावी लागली. एका पाकिटात चूक निघाली की उरलेल्यांवरचा विश्वास जातो, म्हणून हे एवढं फोडून सांगतोय.

पाचच्या नाण्याचं वेगळं. जुनं जाड तांबं-निकेलचं पाच रुपयांचं नाणं ९ ग्रॅमचं, नंतरचं पातळ ६ ग्रॅमचं, आणि दोन्हींचा व्यास २३ मिलिमीटरच. जाड आणि पातळ वेगळी ठेवा, नाहीतर वजनावर मोजता येणार नाहीत. २०१९ ला जी नवी मालिका आली, ज्यात वीसचं बारा कोनांचं नाणं पहिल्यांदा आलं, त्यातली वजनं परत वेगळी आहेत, नवा रुपया ३.०९ ग्रॅमचा. त्यामुळे किमतीप्रमाणे वाटणी झाली की प्रत्येक ढिगातून डिझाइनप्रमाणे अजून एक वाटणी. वैताग येतो खरा, पण घरात दोन लहान मुलं असतील तर त्यांना बसवा, त्यांना आवडतं हे काम आणि त्यांची नजरही तेज असते.

वाटणी झाली की मोजणी, आणि त्याला दोन रस्ते. पहिला आमचा कॅशिअर लोकांचा जुना, चवडींचा. दहा नाण्यांची एक चवड लावायची, तिच्या शेजारी दुसऱ्या नऊ चवडी साधारण तेवढ्या उंचीच्या, आणि मग वरून तळहात सपाट फिरवायचा. एखाद्या चवडीत नऊ किंवा अकरा असतील तर हाताला लगेच लागतं, खाच तरी लागते नाहीतर उंचवटा. दहा चवडी झाल्या की शंभर. हात बसला की हे फार वेगाने होतं. दुसरा रस्ता किचनमधल्या डिजिटल काट्याचा. एकाच डिझाइनची शंभर नाणी एकदा हाताने मोजा, वजन लिहून ठेवा, आणि पुढचे शंभर-शंभरचे गठ्ठे त्या वजनाशी जुळवा. २०११ चा रुपया शंभराला ३७९ ग्रॅमच्या आसपास, दोन रुपये ४८५, पातळ पाच ६००, दहाची दोन रंगांची नाणी ७७१, वीसची ८५४. नाणी झिजतात, मळतात, त्यामुळे दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे होणारच, पण एका नाण्याएवढा फरक दिसला तर मोजून बघा. तरीही प्रत्येक पाचव्या पाकिटाला एकदा हाताने मोजाच.

मळलेल्या नाण्यांबद्दल थोडं. देवघरातल्या, ओटीतल्या, ताम्हनातल्या नाण्यांना हळदकुंकू आणि तेल चिकटलेलं असतं, ती एकमेकांना चिकटतात आणि बँकेत मशीन असलंच तर त्यात अडकतात. साध्या पाण्यात थोडा साबण टाकून धुवा, फडक्याने पुसा आणि मग उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्या. ओली नाणी प्लास्टिकमध्ये बंद केली तर त्यांवर डाग पडू शकतात. चिंच, लिंबू, अ‍ॅसिड वगैरे नको, त्याने रंग जातो आणि कॅशिअरला शंका येते. वाकलेली, भोक पाडलेली, कापलेली नाणी बाजूला काढा, ती पाकिटात मिसळू नका, वेगळी दाखवा आणि कॅशिअर काय म्हणतो ते ऐका.

पॅकिंग शंभर-शंभरचंच करा. हा आकडा मी मनाने सांगत नाही, रिझर्व्ह बँकेच्याच सूचनेत आहे की एक-दोनची नाणी वजनावर घ्यावीत आणि शंभर नाण्यांची पारदर्शक पाकिटं कॅशिअर आणि ग्राहक दोघांनाही सोयीची पडतात. जाडसर पारदर्शक पिशवी घ्या, आत एक चिठ्ठी, "२ रु. x १०० = २०० रु.", तुमचं नाव, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, आणि चिठ्ठी बाहेरून वाचता येईल अशी ठेवा. तोंडाला रबर लावा किंवा गाठ मारा. सेलोटेप नको, स्टेपल तर मुळीच नको, फोडताना बोटं कापतात. कागदात गुंडाळलेले रोलही करू नका, आत काय आहे ते दिसत नाही म्हणून ते सगळे फोडावेच लागतात.

एक प्रसंग सांगतो म्हणजे लक्षात येईल. आमच्या शाखेत एक भाजीवाल्या मावशी महिन्याच्या तीन तारखेला, सोमवारी, पेन्शनच्या रांगेत, साखरेच्या गोणीत नाणी घेऊन आल्या. दोघांनी मिळून गोणी काउंटरपर्यंत ओढत आणली. मागून लोक ओरडायला लागले, आमच्याकडे दोनच काउंटर चालू, मी त्यांना बाजूला बसवून म्हटलं आज नाही होणार, पण मोजून शंभर-शंभरची पाकिटं करा आणि पंधरा तारखेनंतर या. त्यांचा चेहरा पडला, ते अजून डोळ्यांसमोर आहे. सतरा तारखेला त्या परत आल्या, सुनेने वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लिहिलेल्या, वीस पाकिटं, प्रत्येक पाकीट एकसारखं. मी त्यातली तीन उचलून फोडली, मोजली, शंभरला शंभर, बाकीची वजनावर बघितली आणि बारा मिनिटांत पावती हातात दिली. त्यानंतर त्या दर महिन्याला यायच्या आणि शाखेला नाणी हवी असली की आम्हीच त्यांची वाट बघायचो.

म्हणजे कधी जायचं हेही तितकंच महत्त्वाचं. एक ते दहा तारीख टाळा, सोमवार टाळा, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी नको, मार्च अखेरीस तर नकोच. महिन्याच्या मध्यात, बुधवार-गुरुवार, सकाळची पहिली गर्दी ओसरल्यावर. आदल्या दिवशी रिकाम्या हाताने जाऊन हेड कॅशिअरला किंवा मॅनेजरला भेटा आणि विचारा, "साहेब, आईने साठवलेली नाणी आहेत, शंभर-शंभरची पाकिटं केलीत, एका वेळी किती आणू?" हे वाक्य खरंच कामाचं आहे. ते म्हणतील दहा आणा, पंधरा आणा. तेवढीच न्या. तुमचे ३८ किलो एका खेपेत न्यायचा हट्ट धरू नका, दर आठवड्याला थोडी थोडी नेली तर दोन-तीन महिन्यांत डबे रिकामे होतील आणि शाखेशी ओळखही होईल. भरायला शक्यतो तुमचं खातं जिथे आहे त्याच शाखेत जा. जायच्या आधी चार्ज विचारा, काही बँकांच्या सर्व्हिस चार्जच्या यादीत नाणी हाताळण्याचे पैसे लावलेले असतात, आणि दोनशे रुपयांच्या नाण्यांवर तो गेला तर मन खट्टू होतं. पॅन कार्ड सोबत असू द्या. स्लिपवर नाण्यांची रक्कम किमतीप्रमाणे स्वच्छ लिहा, आणि तुमच्यासमोर मोजणी होईपर्यंत काउंटर सोडू नका.

मशीनबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगून टाकतो. एटीएमच्या शेजारचं पैसे भरायचं मशीन फक्त नोटा घेतं, त्यात नाणी टाकायचा प्रयत्न कृपा करून करू नका. आणि २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने क्यूआर कोडवर चालणारी नाण्यांची मशीन १२ शहरांत प्रायोगिक म्हणून आणायची घोषणा केली होती, ती मशीन नाणी देतात, घेत नाहीत. तुम्ही यूपीआयने पैसे दिले की त्यातून नाणी बाहेर येतात, आपल्याला हवंय त्याच्या बरोबर उलट.

आता बँकेशिवायचा रस्ता, आणि मला विचाराल तर निम्मी नाणी याच रस्त्याने घालवा. तुम्हाला जी नकोशी झालीय ती चिल्लर दुसऱ्याला रोज लागते. किराणा, मेडिकल, पिठाची गिरणी, दूध डेअरी, चहाची टपरी, रिक्षा स्टँड, यांना सुट्टे पैसे कायम कमी पडतात, यूपीआय आल्यापासून गरज कमी झालीय पण संपलेली नाही. तुमच्या नेहमीच्या दोन-तीन दुकानदारांना विचारा, "पाचची पाच पाकिटं आहेत, मोजलेली आहेत, हवीत का?" पाचची पाच पाकिटं म्हणजे अडीच हजार रुपये, तो तुम्हाला बंद्या नोटा देईल किंवा सरळ तुमच्या खात्यावर यूपीआय करेल, आणि ही यूपीआयची पद्धत मला सगळ्यात सोयीची वाटते कारण नाणी त्याच्या गल्ल्यात आणि पैसे तुमच्या खात्यात, मध्ये बँकेची फेरीच नाही. फक्त पैसे आले का ते तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघूनच पाकीट हातातून सोडा, समोरच्याच्या मोबाइलवरचा हिरवा टिक बघून नव्हे. आणि बट्टा देऊ नका. शंभराच्या नाण्यांचे नव्वद देतो म्हणणारे अजूनही भेटतात, चिल्लर गोळा करून त्यावर कमवायचा तो जुना धंदा आहे. शंभराचे शंभरच घ्यायचे, थोडं थांबायला लागलं तरी चालेल.

नाणी नुसती पडून आहेत म्हणून भंगारात किंवा मूर्ती ओतायला देऊ नका, नाणी वितळवणं किंवा मोडणं कॉइनेज अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे.

दहाच्या नाण्याचं सांगतो, कारण त्यावरून लोकांना उगाच मनस्ताप होतो. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं, नसलेलं खोटं, दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, ही सगळी अफवा आहे. रुपयाचं चिन्हच २०१० मध्ये ठरलं, त्याआधीच्या नाण्यावर ते असणार कसं? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की तोपर्यंत दहाची १४ वेगवेगळ्या डिझाइनची नाणी निघालीत आणि सगळी चालतात. दुकानदाराचा विश्वास बसत नसेल तर १४४४० या टोल फ्री नंबरवर त्यालाच फोन लावायला सांगा, हा नंबर रिझर्व्ह बँकेने याच कामासाठी दिला होता. माझा अनुभव असा की एकदा त्याने ऐकलं की पुढे त्रास देत नाही. मोठ्या लोकांचे चेहरे किंवा कसल्या वर्धापनदिनाचं चित्र असलेली पाचची, दहाची नाणीसुद्धा त्याच किमतीला चालतात. आणि दहाची आधी बँकेत न्या, कारण ओझ्याच्या मानाने पैसा त्यात जास्त, तुमचे ३८ किलो सगळे दहाचे असते तर ४९ हजारांच्या वर रक्कम झाली असती.

एवढं सगळं नीट करूनही शाखेने नाही म्हटलं तर आवाज चढवू नका. मॅनेजरला शांतपणे विचारा की नकार लेखी देता का. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच मिटते, लेखी कुणी देत नाही आणि पाकिटं घेतली जातात. नाहीच घेतली तर बँकेच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा, तारीख, शाखा, कोणत्या किमतीची किती पाकिटं होती ते लिहा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही, वकील लागत नाही. फक्त एक बघा, तुमचं खातं पतसंस्थेत असेल तर ती बँक नाही, तिला रिझर्व्ह बँकेच्या या सूचना लागू होत नाहीत, तिथे विनंतीच करावी लागेल. शहरात अधूनमधून बँका नाणे मेळा भरवतात, तो मुख्यतः नाणी वाटायला असतो, पण तिथे करन्सी चेस्टची माणसं भेटतात आणि मोठा साठा असेल तर कुठे न्यायचा हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही.

राहिले चार आणे-आठ आणे. आठ आणे अजून चलनात आहेत, दुकानात कुणी घेत नसलं तरी बँकेने घ्यायचे असतात, शंभराचं पाकीट म्हणजे पन्नास रुपये, तेही बाकीच्यांसारखं चिठ्ठी लावून न्या. पावली आणि त्याखालची नाणी, म्हणजे वीस, दहा, पाच पैसे वगैरे, ३० जून २०११ पासून चलनातून गेली, बदलून द्यायची मुदत त्याच्या आदल्या दिवशीच संपली. ती बँकेच्या पिशवीत चुकूनही टाकू नका, त्यांचे पैसे मिळणार नाहीत आणि मोजणी मात्र चुकेल. ती वेगळी काढली की तारखा बघा, खाली टाकसाळीची खूण असते, मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि काही खूण नसेल तर कोलकाता. आईंनी जी वर्षं साठवली ती सगळी त्या तारखांत सापडतील, एका छोट्या डब्यात घालून त्यांनाच परत द्या.